बैलाला न दिलेल्या पोळ्या

मुक्या जनावरांवर दया करायला शिकवणं, यापेक्षा पवित्र काम शिक्षकाच्या वाट्याला येत नाही. हे वाक्य पुनावळ्यातल्या आमच्या शाळेच्या फळ्यावर मी स्वतः रंगीत खडूनं लिहिलं, कारण मोठ्या बाईंनी ते तसंच लिहून दिलं होतं. आमच्याकडे दर महिन्याला एका सद्गुणाची पाळी येते. आमच्या भागात पोळा भाद्रपदात असतो, म्हणून तेव्हा दयेची.

पूर्वी आम्ही पॅकिंगच्या पुठ्ठ्याचा बैल करायचो. त्याचं काही मागणं नसायचं. यंदा पालकांना खरा बैल हवा होता. तो गावातल्या एका म्हाताऱ्याकडे होता. शेतावर टॉवर उभे राहिलेले, घर भाड्यावर चालतं, आणि इमारतीच्या पार्किंगमध्ये दोन मोटारींच्या जागेत हा शेवटचा बैल.

पोळ्याच्या सकाळी बैल शाळेत आणल्यावर म्हाताऱ्यानं मला बाजूला घेतलं. "बाई, बैल मारका न्हाई. पोरांनी कानात बोटं घातली तरी हलायचा न्हाई. फकस्त कुणी काय चारू नका."

मी म्हटलं, मुलं त्याला त्रास देणार नाहीत.

"तरासाचं न्हाई म्हनत मी. मानसं लई दयाळू झाल्यात."

मग त्यानं सांगितलं. गेल्या वर्षी वाकडच्या एका सोसायटीनं बैलाला पूजेला बोलावलं होतं. घराघरातून पोळ्या आल्या, सगळ्यांनी प्रेमानं भरवल्या, आणि बैलाचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. रवंथ बंद. डॉक्टरांनी वाचवला, पण पुन्हा असं झालं तर आशा ठेवू नका म्हणाले. आज घरची एक पोळी तो पहाटेच खाऊन आला होता. तेवढीच.

अडचण अशी की मोठ्या बाईंनी पालकांच्या ग्रुपवर प्रत्येक मुलाबरोबर एक पुरणपोळी पाठवायला सांगितलं होतं, आणि शाळेचं ऐकण्यासाठी पालकांनी नेमका हाच दिवस निवडला होता.

क्रौर्यावर माझ्याकडे बोलायला पुष्कळ होतं. शेपूट पिरगाळणं, दगड मारणं, सगळं तयार. दयेविरुद्ध काहीच तयारी नव्हती. मी बैलाच्या तोंडापाशी उभी राहिले आणि डबा उघडणाऱ्या एकेका मुलाला तेच सांगत राहिले, त्याचं पोट फुगेल, त्यापेक्षा मानेखाली खाजव. म्हातारा खाजवून दाखवायचा, बैल मान लांब करून डोळे मिटायचा. नववीतल्या एकानं विचारलं, मग फोटोत काय दिसणार? दुसरीतली एक मुलगी मात्र डबा मिटायलाच तयार नव्हती.

"आईनं शिफ्टवरून येऊन केलीय. झोपली पण नाही. आणि एकच तर आहे."

एकच तर आहे, हे त्या सकाळी सगळेच म्हणत होते. शेवटी तिनं एका हातानं खाजवलं. दुसऱ्या हातात डबा उघडाच होता.

वाईट वागण्यापासून कुणाला अडवलं की निदान बरं वाटतं. चांगलं वागण्यापासून अडवून नुसता शीण येतो. माझा घसा बसला, तेव्हा प्रमुख पाहुणे आले. फाटकावरच्या फ्लेक्सवर त्यांच्या शेजारी बैल होता, दुसराच कुठला तरी. दयेवरचं त्यांचं भाषण संपेपर्यंत आमचा बैल उन्हात उभा होता. मग मोठ्या बाईंनी ताट पुढे केलं, पाहुण्यांनी पोळी उचलली, फोटोग्राफर सरसावला. मुलं माझ्याकडे बघू लागली. सकाळभर आपल्याला अडवणारी बाई आता काय करते, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

"साहेब, त्याला देऊ नका," मी म्हटलं. "मरेल तो."

पाहुण्यांचा हात हवेत राहिला. उचललेली पोळी परत ताटात ठेवणं त्यांना शोभणारं नव्हतं. मोठ्या बाई माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होत्या, तिचा सद्गुणांच्या यादीत समावेश नव्हता. तेवढ्यात म्हातारा बैलाच्या पुढ्यात येऊन उभा राहिला.

"त्याची मला द्या साहेब. आमी दोघं एकच."

त्यानं तोंड उघडलं. पाहुण्यांनी भरवली, फोटो निघाला, टाळ्या झाल्या. मग दुसरीतली ती मुलगी डबा घेऊन त्याच्यापुढे आली. तिला नाही म्हणणं म्हाताऱ्याला जमेना. तिच्यामागे रांग लागली.

दुसऱ्या दिवशी मी चौकशीला फोन केला. त्याच्या सुनेनं उचलला. बैल रवंथ करत होता. सासऱ्यांना सलाईन लावलं होतं.