बहिणीच्या अंगठ्याखालची सही

गावाचा इतिहास छापायचा ठरलं तेव्हा भाचा कोरी वही घेऊन माझ्याकडे आला. "आत्या, काशीगावात तुझ्याएवढं जुनं आता कोण उरलंय? आपल्या घराचं पान तूच लिही. चौथी शिकलीयस की."

मी लिहिलं. भातशेती लिहिली, मिठागर लिहिलं. मग लिहिलं, की भाऊबीजेला भावाने आम्हां दोघी बहिणींना बोलावलं, ओवाळणीच्या ताटाशेजारी कागद ठेवला आणि फसवून आमचा हिस्सा काढून घेतला. त्या जमिनीवर आज सात मजले उभे आहेत. तिसऱ्यावर भाऊ अंथरुणाला खिळलाय. जीभ गेलीय, कान शाबूत आहेत. छापून आल्यावर कुणीतरी त्याला ते पान वाचून दाखवावं, एवढीच माझी इच्छा होती.

भाचा लाल झाला. "बाबांबद्दल हे छापलंस तर अब्रुनुकसानीचा दावा मीच लावीन."

"लाव. बापाला खाटेसकट आण कोर्टात."

भावजय म्हणाली, बहिणींनी राजीखुशीने सोडलं, साड्यासुद्धा स्वतः पसंत केल्या. डोंगरी गावात दिलेली माझी थोरली बहीण तिसरंच सांगायची. "तू वाचलंस, म्हनून मी अंगठा दिला." तिला मी कायम उडवून लावलं. शाळेची पायरी न चढलेली बाई, दुपारी काय जेवली ते संध्याकाळी आठवत नाही. तिचं म्हणणं मी पानात घेतलंच नाही.

माझी नात इथल्याच बेव्हर्ली पार्क वसाहतीत राहते, वकिली शिकतेय. ती म्हणाली, "आजी, तिघींचं तीन तऱ्हेचं असेल तर तिन्ही लिही, कोण काय म्हणतं ते सांगून. पण 'फसवलं' लिहायचं तर हातात कागद हवा. नाव गाळून काही होत नाही, गाव ओळखतंच."

नोंदणी कचेरीत तीन खेपा घातल्यावर त्या कागदाची नक्कल मिळाली. रिक्षातच उघडली.

माझी सही, वळणदार. शेजारी बहिणीचा अंगठा. अंगठ्याखाली 'मजकूर वाचून दाखवला व समजावून सांगितला', आणि त्याखाली पुन्हा माझीच सही.

मग सगळं आठवलं. भाऊ म्हणाला होता, "शिकलेली तूच. थोरलीला तूच सांग." सगळं घर बघत होतं. कचेरीतल्या त्या मराठीची मला एक ओळही कळली नाही, आणि तसं म्हणायची लाज वाटली. ओळींवरून बोट फिरवलं, अडखळत ओठ हलवले. रेशनकार्डाचं असेल, असं मनात आलं. तोंडाने म्हटलं, "रेशनकार्डाचं आहे. लाव अंगठा." भाऊ गप्प बसला. त्याला खोटं बोलावंच लागलं नाही.

नातीला विचारलं, स्वतःबद्दल वाईट लिहिलं तर? ती म्हणाली, "त्याला कोण दावा लावणार, आजी?"

पान नव्याने लिहिलं. भावाबद्दल एवढंच लिहिलं, की त्याने कागद पुढे केला आणि तो गप्प बसला. 'फसवलं' हा शब्द माझ्याबद्दलच्या वाक्यात घातला: थोरलीला मी फसवलं. भाच्याने ते आनंदाने घेतलं. "आता कसं खरं लिहिलंस!" म्हणाला.

छापायच्या आधी बस धरून डोंगरीला गेले. बहीण ओट्यावर सुकट निवडत होती. तिला अख्खं पान वाचून दाखवलं, एकेक शब्द. तिने मान वर केली नाही.

"आज न्हाय अडखळलीस," ती म्हणाली. "तवा बी असंच वाचायचं व्हतं."

सूप उचलून ती आत गेली. पाणीसुद्धा विचारलं नाही.