दीड रेघ

हात थरथरायला लागले तेव्हा मी आधी कपबशी सोडली आणि पेल्यातून चहा प्यायला लागले. बशी वाजते, पेला वाजत नाही. नवऱ्याला वाटलं, बायको कशावरून तरी रागावली आहे. तो पेणला शाळेत शिक्षक आहे. गृहपाठ कोणी केला नाही ते मुलांच्या तोंडाकडे बघून ओळखतो, पण घरातला पेला त्याला ओळखता आला नाही. रागावलेली मात्र मी होतेच. त्या वर्षी मी सगळ्यांवरच रागावलेली होते.

त्याआधीची दोन वर्षं मान दुखण्यात गेली होती. उजव्या कानामागून सुरू व्हायचं ते खांद्यातून कोपरापर्यंत उतरायचं आणि तिथेच मुक्काम करायचं. मी राहते पेणच्या रामवाडीला आणि नोकरी रोह्याला, एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये. बावीस वर्षं झाली. कंपनीची बस दारातून मिळते, पण वडखळच्या पुढे रस्त्याने एकेक हिसका दिला की डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी बस सोडली आणि सकाळची रोह्याची रेल्वेगाडी धरली.

आमच्याकडे दुखणं सांगायची सोय नाही. सांगितलं की ऐकणारा डॉक्टर होतो. शेजारणीने तेल दिलं, नणंदेने मिठाची पुरचुंडी शेकायला सांगितली, मुख्याध्यापकांच्या बायकोने उशी काढून टाकायला लावली. फिजिओथेरपीच्या बाईंनी मानेला पट्टा बांधून वजन लटकवलं. या सगळ्याने दुखणं बदलायचं, कमी व्हायचं नाही. आणि मग एका सकाळी पोळी तव्यावर टाकताना बोटं थरथरली. पोळी अर्धी तव्याबाहेर पडली.

हे मात्र मी कोणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तर मी मूठच झाकली. लॅबमध्ये अॅप्रनला दोन मोठे खिसे असतात, हात रिकामे झाले की त्यांत. घरी कुंकू लावायचं सोडून टिकली. कंपवात हा एकच शब्द डोक्यात होता आणि तो तोंडातून बाहेर पडला की खरा होईल असं वाटायचं. सायन्स शिकलेल्या बाईने असं मानावं याची मला लाज वाटायची, पण मानत होते.

लॅबमधलं माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे एक आम्ल तयार होतं. प्लांटमध्ये ते तापवून त्यातलं पाणी उडवतात, आणि पुरेसं कडक झालं की नाही ते मी तपासते. काचेच्या उभ्या नळीत, तिला ब्युरेट म्हणतात, दुसरं द्रावण भरायचं आणि खालच्या फ्लास्कमध्ये ते थेंबथेंब सोडायचं. एक थेंब असा येतो की बिनरंगी पाणी फिकट गुलाबी होतं. तिथे थांबायचं आणि नळीवरची रेघ वाचायची. सगळी कला त्या शेवटच्या थेंबाला थांबण्यात आहे. एक थेंब जास्त पडला की गुलाबी गर्द होतो आणि आकडा चुकतो.

माझा हात थांबेना. तोटी बंद करेपर्यंत दोन-तीन थेंब जास्त जायचे.

तेव्हा मी एक युक्ती केली. ज्याचा कडकपणा आधीच ठाऊक आहे असं द्रावण घेतलं, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत एकटीने सात-आठ वेळा तपासलं आणि दर वेळी माझा हात किती पुढे जातो ते मोजलं. दीड रेघ. कधी थोडी कमी, कधी थोडी जास्त, पण दीड. तेव्हापासून मी प्रत्येक आकड्यातून दीड रेघ वजा करून वहीत लिहायला लागले. आकडे बिनचूक यायचे. दुसऱ्याने बघून सही करायची असा नियम आहे, पण बावीस वर्षं नोकरी झालेल्या बाईचा आकडा कोण बघतो? सही होऊन जायची. खोटं कशाला बोलू, मला या युक्तीचा अभिमान वाटत होता. हात माझा ऐकत नव्हता, तरी मी त्याला हिशेबात बसवलं होतं.

नवऱ्याला कळलं ते दिवाळीत. चकल्या पाडताना सोऱ्यातून वेडंवाकडं काहीतरी पडत होतं. तो बघत उभा राहिला, मग सोऱ्या माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाला, "पनवेलला जाऊ." मी भांडले. तो भांडला नाही. दुसऱ्याच दिवशी नंबर लावून आला.

पनवेलच्या डॉक्टरांनी मला हात पुढे धरायला लावले, चालायला लावलं, मग कोऱ्या कागदावर पेनाने चकली काढायला सांगितली. दिवाळीतली परवडली असं वाटलं. कागद बराच वेळ बघून ते म्हणाले, "हा कंपवात नाही. हे थरथरणं वेगळं. तुमच्या वडिलांचे हात हलायचे का?" हलायचे. आम्ही त्यांना हसायचो. मी तिथेच, डॉक्टरांच्या टेबलासमोर, पदर तोंडाला लावून रडले. डॉक्टरांनी एक छोटी गोळी दिली, आधी अर्धी, मग हळूहळू वाढवत न्यायची. मानेचं म्हणाले, तिला वेळ लागेल, व्यायाम सोडू नका.

आजार हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो. ती मुंगी इतक्या हळू चालली की मला दिसली नाही. होळीच्या सुमाराला केव्हातरी मी परत बशीतून चहा प्यायला लागले, आणि तेही नवऱ्याने दाखवल्यावर कळलं. मान अजून होती तशीच होती. रोज सकाळी उठताना आधी तिची परवानगी घ्यावी लागायची.

त्याच महिन्यांत आमचा माल हलका यायला लागला. म्हणजे पुरेसा कडक होईना. सगळ्या पाळ्यांत नाही, एकाच माणसाच्या हातचा माल हलका. हा ऑपरेटर वाटेवरच्या कासू गावचा, माझ्याच वयाचा, ठेकेदाराकडून लागलेला. घरची खाडीकाठची शेती, आणि प्लांटमध्ये चौदा वर्षं. सकाळी कासूला तो गाडीत चढायचा, डबा मांडीवर ठेवून समोर बसायचा. थर्मामीटर बघून वाफ बंद करणं त्याचं काम. दिवसपाळी त्याची आणि दिवसाचे नमुने माझ्याकडे, त्यामुळे त्याचा प्रत्येक नमुना माझ्याच हातून जायचा. माल हलका म्हणजे यानं वाफ लवकर बंद केली, असा सरळ अर्थ. पहिला मेमो मिळाला. माल परत तापवला. पुढच्या महिन्यात दुसरा मेमो मिळाला. गाडीत तो बोलेनासा झाला. मला वाईट वाटायचं. मनात म्हणायचे, वय झालं की लक्ष राहत नाही माणसाचं.

तिसऱ्यांदा माल हलका आला त्या दिवशी दुपारी तो स्वतः नमुन्याची बाटली घेऊन लॅबच्या दारात आला. ऑपरेटरने आत यायचं नसतं, तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"मॅडम, परत एकदा बगा. साहेब बोल्ले, सोमवारपासून येऊ नको. मी टायम बराबर दिलाय, देवाशपथ."

"बघते," मी म्हटलं. मला राग आला होता. माझ्या आकड्यावर कोणी संशय घ्यावा हे मला सहन होत नाही.

त्याच्या समोर नमुना मोजला, ब्युरेट भरली, थेंब सोडायला लागले. एक थेंब पडला आणि पाणी गुलाबी झालं, जेमतेम, कोवळ्या कांद्याच्या सालीएवढं. मी तोटी बंद केली. आकडा वाचला आणि वहीत लिहायला पेन उचललं.

तो दारातून म्हणाला, "आज केवडा फिका आला, मॅडम. आदी दारातून बगायचू तवा तुमचा कसा गर्द यायचा."

पेन माझ्या हातात होतं. आकडा डोक्यात होता आणि त्यातून दीड रेघ मी वजा करून टाकलीही होती, न विचारता, जशी रोज करते तशी. हात आता थेंबावर थांबत होता. किती दिवस थांबत होता? शिमग्यापासून? त्याच्याही आधीपासून? जी दीड रेघ आता जास्त जातच नव्हती ती मी त्या माणसाच्या मालातून रोज कापत होते. काठावरचा माल तेवढ्यानेच हलका ठरत होता.

इथे मी जे केलं ते लिहायला मला जड जातंय. मी वहीत तोच हलका आकडा लिहिला. खाली सही केली. "तेवढाच येतोय," म्हटलं.

त्याने बाटली उचलली आणि गेला.

शनिवार होता तो. रविवारभर मी घरात कपाटं आवरली. एका बाजूला त्याची नोकरी आणि दुसऱ्या बाजूला माझी बावीस वर्षं, असं मी स्वतःला सांगत होते, आणि दर वेळी पारडं माझ्याच बाजूला झुकवत होते. कोणाला कळणार होतं? पुढचे आकडे खरे करायला मला फक्त वजाबाकी थांबवायची होती. पुढचे सगळे नमुने बरोबर आले असते, आणि लोक म्हणाले असते, बघा, तो माणूस गेला आणि माल सुधारला. हा विचार मला सुचला आणि तो मला आवडला, हे सगळ्यात वाईट. संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने बराच वेळ ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्याच्या घरी कोण कोण आहे?" मला माहीत नव्हतं. चौदा वर्षं एका कंपनीत आहोत आम्ही, आता रोज एका गाडीने जातो, मी विचारलंच नव्हतं.

सोमवारी गाडी कासूला थांबेपर्यंत मानेत कळ येत होती आणि मी ती येऊ दिली. तो चढला. गेट पास परत करायला आणि लॉकर रिकामा करायला निघाला होता.

"माझ्याबरोबर आधी लॅबमध्ये चला," मी म्हटलं.

"परत बगायचा काय?"

"हो. पण मी नाही बघणार."

लॅबमध्ये मी प्लांटच्या साहेबांना बोलावून आणलं. शनिवारचा राखून ठेवलेला नमुना काढला आणि माझ्या वहीचं पान झाकून तो लॅबमधल्या दुसऱ्या मुलीला तपासायला दिला. साहेब घड्याळ बघत होते. कासूचा माणूस दाराबाहेर, मी टेबलाच्या कडेला, आणि ती पोरगी एवढी माणसं बघून इतकी घाबरली की पहिल्यांदा तिचाच थेंब जास्त पडला. तिने दुसऱ्यांदा केलं. आकडा सांगितला. माल चांगला होता.

"मग तुमचा आकडा असा कसा?" साहेबांनी विचारलं.

माझ्या हातांमुळे, असं मी म्हणणार होते. पण हात तर बरे झाले होते. मी सगळं सांगितलं. बशीपासून नाही, पण दीड रेघेपासून सगळं, शनिवारच्या सहीसकट. साहेबांनी पोरीला बाहेर पाठवलं. त्याला मात्र आत बोलावलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच एक ऑपरेटर त्या उंबऱ्याच्या आत आला.

त्याचे दोन्ही मेमो मागे घेतले आणि त्याला कामावर ठेवलं. माझं ब्युरेटचं काम काढून मला रेकॉर्डला बसवलं, आणि पुढे काय करायचं ते वर ठरेल असं सांगितलं. अजून ठरलेलं नाही.

संध्याकाळी परतीच्या गाडीत तो समोर येऊन बसला. मी माफी मागितली. त्याने मान हलवली, हो म्हणून की नको म्हणून ते कळलं नाही. नागोठणं गेल्यावर त्याने शर्टाच्या खिशातून चष्मा काढला. नवा होता, मी त्याच्या डोळ्यांवर कधी पाहिला नव्हता.

"मना वाटला माजेच डोले गेले," तो म्हणाला. "पयला मेमो आला तवा पेनला जाऊन दाखवून आलू. चष्मेवाला बोल्ला, जरासा नंबर हाय. मी बोल्लू, दे. प्लांटात खिशात ठेवायचू, कोनी नसला की लावून थर्मामीटर बगायचू. घरी पन नाय सांगितला. बोलतील, याचे डोले गेले, आता याला कोन ठेवल?"

मी म्हटलं, "मग आता काढून टाका. तुमचे डोळे चांगले आहेत."

"आता कुटं काढू," तो म्हणाला आणि चष्मा शर्टाला पुसून डोळ्यांवर चढवला. "सवय झाली. काढला की डोका दुखतो."

कासू आलं. डबा घेऊन तो उतरला. माझे हात मांडीवर होते, अगदी शांत, आणि मला त्यांची लाज वाटत होती.