आठ नंबर खाली राहिला!

लातूरच्या ट्युशन एरियात माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. फॉर्म जातात सर्व्हरवर आणि किस्से साचतात काउंटरवर! त्यातले बहुतेक गिऱ्हाइकांचे. हे मात्र माझ्याच फजितीचे, म्हणून खास बायकोच्या आग्रहाखातर सांगतोय.

सुरुवात केली शिंदे मॅडमनी. त्या इथल्या मुलींच्या बालगृहाच्या अधीक्षिका. "अठरा पूर्ण झाली की पोरींना इथून निघावं लागतं. यंदा बारावीच्या सहाजणी आहेत. तुम्ही एवढ्यांचे फॉर्म भरता, यांनाही जरा विद्यापीठाचं वेड लावा की," म्हणाल्या. मी लगेच हो म्हणालो. भाषणाची हौस मला पहिल्यापासून, ऐकणारं कुणी नव्हतं एवढंच!

*

चाळीस मिनिटं बोललो. ज्ञान, जिद्द, आकाश, भरारी, काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. शेवटी ऐटीत विचारलं, "कुणाला काही शंका?"

रेखा नावाच्या मुलीनं हात वर केला. "काका, दिवाळीला होस्टेल बंद ऱ्हातंय म्हणं. मग आमी जायाचं कुठं?"

"छान प्रश्न विचारलास!" असं म्हणून मी घड्याळ पाहिलं आणि दुकान उघडायची वेळ झाली म्हणून निघालो. त्या दिवशी रविवार होता, दुकान बंद होतं!

*

म्हटलं, सांगून पटत नाही तर दाखवू. मॅडमना आणि सहाजणींना घेऊन एसटीनं नांदेडला विद्यापीठ बघायला निघालो. बालगृहाची एक पद्धत आहे. कुठंही गेलं की गाडीत बसल्यावर ओळीनं नंबर म्हणायचे. मुली एक ते सहा, मॅडम सात. मला आठ नंबर मिळाला. एवढ्या मोठ्या माणसाला नंबर कशाला, असं माझं मत पडलं.

अहमदपूरच्या स्टँडवर मी चहाला उतरलो आणि इकडे गाडी हलली. आत पोरींचे नंबर म्हणून झाले आणि एकच गलका उठला, "थांबवा! आठ नंबर खाली ऱ्हायला!"

मी कप हातात घेऊनच धावत आलो. कंडक्टर मॅडमना विचारत होता, "बाई, तुमचं हे आठ नंबरचं लेकरू कितवीत हाय?"

विद्यापीठात रेखा ग्रंथालयातून हलता हलेना.

*

एक जूनला रेखाचा वाढदिवस आहे असं कळलं. तिचं नाव घातलेला केक घेऊन मी बालगृहात गेलो, तर सहाही जणी नवे ड्रेस घालून रांगेत उभ्या! "आमचा समद्यांचाच एक जून हाय, काका!"

जन्मतारीख माहीत नसली की शाळेत एक जून लिहितात, हे रोज फॉर्मवर बघणाऱ्या मला कळायला नको? त्यात माझीही तारीख एक जूनच! शेवटी केकवरचं नाव सुरीनं पुसलं आणि सातजणांनी मिळून तो कापला.

"मग रेखा, नांदेडचा फॉर्म भरायचा ना?" मी विचारलं.

"न्हाई काका. मी पुण्याला कंपनीत कामाला जाणार हाय. तिथली खोली दिवाळीतबी उघडी असती."

तो केक मला काही गोड लागला नाही.

*

"प्रश्न फार मोठा आहे," दुपारी जेवताना मी बायकोला सांगत होतो. "वरून धोरणच बदलायला पाहिजे. मी निवेदन लिहितोय, तीन पानं झालीत."

"कसला प्रश्न?"

"दिवाळीच्या सुट्टीत ही मुलगी जाणार कुठं?"

तिनं हातातली भाकरी ताटात ठेवली. "अहो, आपल्या घराला काय कुलूप हाय? दोघंच तर ऱ्हातो. निवेदन कसलं लिवत बसलात!"

दुसऱ्या दिवशी ती स्वतः बालगृहात गेली. रेखाला एवढंच म्हणाली, "चकल्या येतात का गं तुला? न्हाई? मग दिवाळीला घरी ये, शिकवते."

रेखानं त्याच संध्याकाळी दुकानात येऊन फॉर्म भरला. माझी चाळीस मिनिटं आणि हिच्या चकल्या!

*

रेखाला नांदेडला अ‍ॅडमिशन मिळालं. दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा मी ठरवलं, पोरगी पहिल्यांदा घरी येतेय, तर तिला न सांगता स्वतः आणायला जायचं. सकाळच्या पहिल्या एसटीनं नांदेड गाठलं. होस्टेलच्या दारावरचा वॉचमन म्हणाला, "रेखा? ती तर सक्काळीच बॅग घिऊन गेली की. लई घाईत होती!"

म्हणजे अहमदपूरच्या आसपास कुठंतरी आमच्या गाड्या समोरासमोरून गेल्या होत्या! मी घाबरत घाबरत बायकोला फोन लावला. उचलला रेखानं. मागं कढईतलं तेल चुरचुरत होतं.

"काका, हितं हजेरी चालू हाय. काकू एक, मी दोन. तीन नंबर कुठं ऱ्हायला?"