पाणी सगळ्यांचं, जलपर्णी जैतूनची

जैतून गेल्याचं कळलं तेव्हा मी पौडला दाताच्या डॉक्टरांसमोर तोंड उघडून बसले होते. पिशवीतला फोन वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. बाहेर येऊन पाहिलं तर तिच्या सुनेचे, रुबीनाचे, पाच मिस्ड कॉल. "काकी, अम्मी गेल्या," एवढंच ती म्हणाली. सकाळी कांदा चिरताना जैतून एका अंगावर कलंडली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी परतीच्या जीपमध्ये बसते न बसते तोच गावाच्या ग्रुपवर तिचा फोटो आला. भोवती झेंडूची चौकट आणि खाली ओळ : 'जलपर्णीशी लढताना वीरमरण'. माझं अर्धं तोंड बधिर होतं, नाहीतर त्या भरल्या जीपमध्ये मी मोठ्यानं शिवी दिली असती.

वीरमरण! जैतून तांबोळी मेंदूत रक्तस्राव होऊन गेली. तिला रक्तदाबाची गोळी होती आणि ती घ्यायला ती विसरायची. हे मी मुद्दाम लिहिते आहे. ती कशानं गेली यावर हळहळणं सोपं आहे. ती जिवंत असताना आपण काय केलं, हे कुणी विचारायला नको म्हणून हा सगळा झेंडू.

आम्ही दोघी एकाच उन्हाळ्यात सुना म्हणून या गावात आलो. कोळवणच्या खोऱ्यातलं हे भाताचं गाव. तांबोळ्यांचं पौडला किराणा दुकान, गावात खाचरं, आणि खाचरांच्या वर तिच्या सासऱ्यांनी ओढा अडवून केलेलं, मातीच्या बांधाचं तळं. जमीन त्यांची, बांध त्यांचा. पण बांधाखालच्या मोरीतून सुटणारं पाणी खालच्या आठ घरांच्या रानांत जायचं. त्यात आमचंही घर. भात निघाल्यावर हरभरा, कांदा, घेवडा, जे काही पिकायचं ते त्या पाण्यावर. सासऱ्यांनी कधी कुणाला अडवलं नाही, पुढे जैतूननंही नाही. नवरा दुकान बघायचा, शेत हिच्याकडे. बोलणं फटकळ, चाल भरभर, आणि गावात सगळ्यात जास्त भांडणं माझ्याशी.

वरच्या अंगाची जमीन विकली गेली आणि तिथे पुण्याच्या एका गृहस्थांचं फार्महाऊस झालं. बंगल्यासमोर त्यांनी शोभेचं तळं केलं आणि त्यात जलपर्णीची, जांभळ्या फुलांची तरंगती रोपं सोडली. पावसाळ्यात ते तळं भरून वाहिलं, आणि चार-पाच रोपं ओढ्यानं खाली जैतूनच्या तळ्यात आली. किती छान फुलं, असं मीच म्हणाले होते... दुसऱ्या दिवाळीपर्यंत तळ्यात पाणी दिसेना. हिरवंगार रान समजून एक वासरू त्यात उतरलं, ते चौघांनी ओढून काढलं. मोरी मुळ्यांनी गच्च झाली, डासांनी संध्याकाळी दारात बसवेना. जैतून मला घेऊन वर गेली. मालक सभ्य माणूस. खुर्च्या दिल्या, चहा दिला. म्हणाले, "मावशी, ही नैसर्गिक वनस्पती आहे. उलट पाणी शुद्ध करते."

"साहेब, तुमच्याकडं फुलं हायेत, माझी मोरी तुंबलीया," जैतून म्हणाली. "हे तुमच्याकडनं आलंय, येवडं तरी म्हना."

तेवढं ते म्हणाले नाहीत. चहा मात्र पुन्हा विचारला.

मग ती एकटीच लागली. कुठून कुठून विचारून आली होती. बांबू दोरीनं एकापुढे एक बांधायचे, ती लांब काठी पाण्यावर आडवी टाकायची आणि दोन्ही काठांवरून ओढत सगळं तण एका कोपऱ्यात आणायचं. मग कमरेएवढ्या पाण्यात उतरून हातांनी उचलायचं, काठापासून लांब नेऊन वाळवायचं. एक तुकडा राहिला तरी महिन्याभरात त्याचं पुन्हा रान होतं. फुलं धरायच्या आत काढलं नाही तर बी गाळात बसतं आणि वर्षानुवर्षं उगवत राहतं. हे ती आठ घरांत फिरून सांगत होती. आठही घरांनी ऐकून घेतलं. "तुझं तळं, तू बघ," म्हणाले. पाणी सगळ्यांचं होतं; जलपर्णी तेवढी जैतूनची! आमच्या घरातल्या पुरुषांनीही हेच म्हटलं, आणि मी त्यांना चहा करून दिला.

याच्या पुढचं लिहायला हात जड होतो. मी तेव्हा ग्रामपंचायतीत सदस्य होते. तळ्यावर तणनाशक फवारायचा ठराव आला. एका दिवसात काम, फोटो काढता येतील, सगळे खूष. जैतूननं मला आधीच बजावलं होतं, "सुनंदे, सही करू नगंस. औशीद मारलं की सगळं बुडाशी जाऊन सडंल. मासं जगायचं न्हाईत." मी मान डोलावली. सभेत सगळ्यांनी सही केली, कागद माझ्यापुढे आला आणि मीही केली. का, तर एकटीनं उलटं बोलायची लाज वाटली. बाकी काही कारण नव्हतं.

जैतून लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, त्याच आठवड्यात फवारणी झाली. तिच्या नवऱ्यानं हो म्हटलं, तो सरळ माणूस, त्याला वाटलं गाव मदत करतंय. दहा दिवसांत हिरवं पिवळं झालं, मग काळं, मग तळाशी गेलं. मेलेले मासे पोट वर करून काठाला लागले. म्हशी पाण्याला तोंड लावेनात. आमच्या मागच्या दारापर्यंत वास यायचा. जैतून परत आली ती पिशवी हातात तशीच घेऊन माझ्या अंगणात.

"सही तुजी हाय?"

"हो."

ती वळली आणि गेली. चार महिने ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पाऊस आला, वरून नवी रोपं आली, गाळातलंही उगवलं. ती पुन्हा पाण्यात. मी आमच्या गोठ्याआडून बघायची. एके दिवशी राहवेना, तशीच उतारानं खाली गेले. तिनं वर पाहिलं. मला वाटलं, हाकलून देईल. म्हणाली, "चप्पल काड, गाळात अडकंल. आन दोरी धर."

मी म्हणाले, "जैतून, माझं चुकलं गं..."

"मी काय माफबीफ केलं न्हाई तुला," ती म्हणाली. "पन दोरीला दुसरं टोक लागतंय."

तिनं मला कधीच माफ केलं नाही, आणि त्यानंतर आम्ही एकही सकाळ चुकवली नाही. हातांना खाज, पायांना जळवा, पाठ मोडून यायची. दोन उन्हाळ्यांनी तळ्यात आभाळ दिसायला लागलं. मोरी वाहायला लागली आणि आठही घरांनी पाटाला आडव्या फळ्या लावून आपापलं पाणी वळवून घेतलं. कुणी विचारलं नाही, कसं काय आलं म्हणून.

पण वरचं तळं तसंच होतं. गेल्या ज्येष्ठात जैतून फार्महाऊसवर गेली. राखणदारानं, "आंटी, साहब नहीं है," म्हणत फाटक उघडलं, कारण तो तिला ओळखत होता. ती साडी खोचून सरळ त्या शोभेच्या तळ्यात उतरली आणि एकूण एक रोप उपटून काठावर टाकलं. मालकांनी तक्रार केली. चौकीत तिला तीन तास बाकावर बसवून ठेवलं. माफीनामा लिहून द्या, विषय मिटवू, असं आमचेच पुढारी सांगत होते. ती म्हणाली, "लिवते की. आदी त्येंनी लिवावं माझ्या तळ्याचं." शेवटी कंटाळून सोडून दिलं. घरी येताना जीपमध्ये माझ्याशेजारी ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "लई दिसांनी बरं वाटलं," म्हणाली.

महिन्याभरात मालकांनी नवी रोपं आणली. आता जाळी लावली आहे, म्हणाले. जाळी पहिल्याच पुरात फाटली.

तिच्या चाळिसाव्या दिवसानंतर समाजमंदिरात शोकसभा झाली. फवारणीचा ठराव मांडणारे बोलले. तिचा आदर्श, तिची जिद्द. फार्महाऊसचे मालक पांढऱ्या सदऱ्यात आले होते. पर्यावरणावर बोलले, आणि तळ्याकाठी तिच्या नावाचा दगडी बाक करून देतो म्हणाले. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या! मी उठले. म्हणाले, "बाक नको. तुमच्या तळ्यात आज काय आहे ते सांगा." ते म्हणाले, "ताई, ही जागा नाही." मी म्हणाले, "मग जागा कुठली? चौकी?" आमच्या ह्यांनी माझा हात धरून खाली ओढलं. मी बसले नाही. ठरावावर माझी सही होती, हेही तिथेच मोठ्यानं सांगितलं, आणि बाकीच्या सह्या कुणाच्या होत्या तेही एकेक नाव घेऊन सांगितलं. सभा तिथेच मोडली. आमच्या घरात आठ दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही. नाही तर नाही...

दुसऱ्या दिवशी मी तांबोळ्यांकडे गेले. स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला तिच्या नवऱ्याचा जुना खाकी शर्ट लटकत होता. पाण्यात उतरताना जळवांसाठी ती तो साडीवरून घालायची, बाह्या मनगटाशी सुतळीनं बांधून. कोपरापर्यंत वाळलेला गाळ तसाच होता. खिशात सुतळीचे तुकडे आणि एक खडीसाखरेचा खडा. त्या खड्याला मुंग्या लागल्या होत्या. मी शर्ट खिळ्यावरून काढला आणि तसाच धरून उभी राहिले. रुबीना चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. पीठ लागलेल्या हातानं तिनं तो माझ्याकडून काढून घेतला.

"ह्यो मी घालनार हाय, काकी," ती म्हणाली. "तुमी तुमच्या घरातला आना."