डावीकडे ओढणारा ट्रक

वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटमध्ये तेव्हा कुणी नवीन मराठी कुटुंब आलं की त्याचं बिऱ्हाड वासंतीताई आणि प्रमोददादांच्या ट्रकमधून यायचं. ट्रक म्हणजे जपानहून आलेली एक छोटी पांढरी गाडी, मागे उघडा हौदा. दादांनी तो दोन हजार अकरामध्ये घेतला. ते वेलिंग्टनला लिफ्टच्या कंपनीत इंजिनियर, ताई इथल्याच एका फार्मसीत. या दोघांना ट्रक कशाला हवा, ते कुणालाच कळलं नव्हतं.

पुढच्या वर्षी मी आणि माझा नवरा नितीश आलो आणि आमचा सेकंडहँड फ्रिज, कुणीतरी दिलेला सोफा आणि गादी त्याच ट्रकमधून घरी पोचली. दादा चालवत होते आणि ताई खिडकीतून मान काढून ओरडत होत्या, "हळू रे, गादी उडतेय!" सामान उतरल्यावर त्यांनी डब्यातून थालीपीठं काढली. आम्ही चौघं हौद्याच्या कडेवर पाय सोडून बसलो. वारा असा की लोण्याचा कागद उडून शेजाऱ्यांच्या अंगणात गेला. या देशात मी पोटभर हसले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

दोन हजार पंधराच्या हिवाळ्यात दादांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायची वेळ आली आणि शब्द हरवले. समजायचं सगळं, पण हवा तो शब्द सापडायचा नाही. पाणी हवं असलं की 'रस्ता' म्हणायचे आणि स्वतःवरच चिडायचे. इंग्रजी तर जवळजवळ पुसलंच गेलं. ताई नोकरी सांभाळून सगळं करत होत्या. ट्रक ड्राइव्हवेमध्ये उभा राहिला तो राहिलाच. चाकांशी गवत वाढलं.

मुलगी सिद्धी ऑकलंडहून फोनवर म्हणायची, "आई, जस्ट सेल इट. यू डोन्ट नीड अ ट्रक."

ताईंनाही ते पटलं होतं. दुसऱ्या वर्षीच्या वसंतात वायरारापा भागातल्या एका शेतकऱ्याने ट्रकची चौकशी केली, तेव्हा गाडी निदान चालते का बघावं म्हणून त्यांनी बॅटरी बदलून घेतली. एका शनिवारी मला सोबत घेऊन त्या चक्कर मारायला निघाल्या. दादा दारात खुर्चीवर बसून बघत होते.

नदीच्या पुलापर्यंत जाईतो ताई म्हणाल्या, "अनुया, हा डावीकडे का ओढतोय गं?" ब्रेक सोडला तरी गाडी कुणीतरी मागून धरल्यासारखी जड चालत होती. परत येऊन थांबलो तर जळका वास. पुढच्या डाव्या चाकाजवळ मी हात नेला आणि झटकन मागे घेतला. उजवं चाक मात्र जेमतेम कोमट होतं.

दादांनीही वास घेतला होता. ते खुर्चीतून अर्धे उठले, डावा हात त्या चाकाकडे करून म्हणाले, "चिमटा... चिमटा."

ताईंना ते कळेना. मग दादांनी अंगठा आणि बोटं जवळ आणली, घट्ट दाबली आणि उघडतच नाहीत असं दाखवलं.

"कॅलिपर?" ताईंनी विचारलं. "ब्रेक चाकाला धरून बसलाय, सोडत नाहीये?"

दादा इतके जोरात "हो!" म्हणाले की शेजारच्या घरातला कुत्रा भुंकला.

गॅरेजला द्यावा असं मी सुचवलं. ताई मान हलवून म्हणाल्या, "नको. हा बघ कसा बसलाय." दादा खुर्चीत ताठ बसले होते. कितीतरी महिन्यांत ते मला तसे दिसले नव्हते.

चाक निवल्यावर ताईंनी मागच्या चाकांना ठोकळे लावले, पुढचा भाग जॅकने उचलून स्टँडवर ठेवला. चाक हाताने फिरेना. ताई पाना घेऊन कॅलिपरकडे वळल्या तर दादा म्हणाले, "नाही, नाही," आणि हवा काढायच्या छोट्या नटाकडे बोट दाखवलं. ताईंनी तो किंचित सैल केला. ब्रेक ऑइलचे थेंब आले, पण चाक तसंच अडकलेलं.

"म्हणजे ऑइल मागे अडून राहिलेलं नाही. पाइप ठीक आहे," ताई स्वतःशीच बोलल्या. दादांनी मान डोलावली.

मग कॅलिपर काढला. आतला पिस्टन शिकंज्यात धरून दाबला तर निमूटपणे आत गेला. तोही ठीक. राहिल्या कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या दोन पिना. वरची सहज हलली. खालची हलेचना. तिची रबरी टोपी फाटली होती, आत पाणी शिरून गंज चढला होता. ताईंनी ती पिरगाळून उपसून काढली आणि दादांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि हसले.

नवीन पीन, रबरी टोप्या, दोन्ही बाजूंचे ब्रेक पॅड मागवले. पुढच्या शनिवारी पुन्हा आम्ही तिघं. ताई साधं ग्रीस लावायला गेल्या तेव्हा दादांनी त्यांचा हातच धरला. रबर फुगेल म्हणून ब्रेकचं वेगळं ग्रीस लागतं, हे ताईंनी मग डबीवर वाचलं. "औषधासारखंच आहे रे बाबा," त्या म्हणाल्या.

सगळं बसवून झालं. आता आत शिरलेली हवा काढायची होती. त्यासाठी एकाने ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने नट उघडायचा. मी केबिनकडे निघाले, तेवढ्यात दादा काठी टेकत उभे राहिले.

"मी."

ताईंनी पाना खाली ठेवला. आम्ही दोघींनी त्यांना दोन्हीकडून धरून चढवलं. बराच वेळ लागला, दोनदा बसावं लागलं. अखेर ते स्टिअरिंगमागे बसले, गाडी बंदच होती, आणि त्यांनी डावा पाय ब्रेकवर ठेवला.

"दाब!" ताई खालून म्हणाल्या.

"धरलंय!" वरून आवाज आला. स्वच्छ, एका दमात.

ताईंचा पाना थांबला. मी त्यांच्याकडे बघितलं तर त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि ओरडल्या, "धरून ठेव हं, सोडू नकोस!"

दाब, धरलंय, सोड. दाब, धरलंय, सोड. बुडबुडे थांबले तरी ताई थांबेनात, तेव्हा मीच म्हटलं, "ताई, झालं आता."

चाक बोटाने ढकललं तर फिरलं. ताईंनी गाडी सावकाश गल्लीत फिरवून ब्रेक तपासला, मग दादांना आणि मला शेजारी बसवून हारकोर्ट पार्कपर्यंत नेली. उतरून दोन्ही चाकांजवळ हात धरला. दोन्ही सारखीच कोमट. तिथल्या दुकानातून आम्ही चिप्स घेतले आणि गाडीतच खाल्ले.

त्या शेतकऱ्याला ताईंनी 'विकायचा नाही' असं कळवलं. पुढची दोन-तीन वर्षं ट्रकमधून पुन्हा लोकांची बिऱ्हाडं आली. ताई चालवायच्या, दादा शेजारी बसून डाव्या हाताने "हळू" खुणावायचे. दोन हजार एकोणीसमध्ये ती दोघं सिद्धीजवळ ऑकलंडच्या टाकानिनीला राहायला गेली आणि ट्रक विकावा लागला. घेणारा वाकून पुढची चाकं बघत होता. "नाइस जॉब. हू डिड द ब्रेक्स?" त्याने विचारलं.

दादांनी ताईंकडे बोट दाखवलं. "वाइफ." मग जरा शोधून, स्वतःच्या डाव्या बुटावर काठी आपटून म्हणाले, "अँड... पाय."

त्याला काही कळलं नाही. ताई मात्र इतक्या हसल्या की चावी द्यायचीच विसरल्या.