वगळलेला नमुना

"लाल्या कपाशीवर येतो. तुझ्या सुनेवर कसा आला गं?"

सर असं म्हणाले आणि हसले. त्यांच्या हातात पांढरा हातमोजा होता. हातमोज्यात माझ्या सुनेची डबी होती. डबीत तिची विष्ठा होती. पुऱ्यातल्या सगळ्या बायांना दिसेल अशी त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली होती. सरांसोबतच्या दोन मॅडम हसल्या. मग आमच्या बायाही हसल्या. सर हसले की आपण हसायचं, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नव्हतं.

शोभा, माझी सून, ओळीत उभी होती. तिनं पदर तोंडावर ओढला आणि समाजमंदिराच्या मागच्या दारानं निघून गेली.

हे पांढरकवड्याकडच्या आमच्या गावात घडलं. मी चौथी शिकले आहे. घडलं ते लिहिण्यापुरती अक्षरं मला येतात. गोड करून लिहिता येत नाही आणि मला तसं लिहायचंही नाही.

लाल्या म्हणजे कपाशीचा रोग. हिरवं पान कडेनं लाल व्हायला लागतं, मग सगळं शेत तांबडं दिसतं. बोंड लहान राहतं, नीट उमलत नाही. त्या वर्षांत कापसाचं काही खरं नव्हतं. लाल्या नसला तर अळी, अळी नसली तर भाव नाही. तेव्हा आमच्या भागात बघायला खूप लोक यायचे. कॅमेरेवाले यायचे, पुढारी यायचे. ते वरच्या गावात, जमीनवाल्यांच्या घरी जायचे. आमच्या बौद्धपुऱ्यात जमीन नव्हती. आम्ही दुसऱ्याच्या शेतात वेचणाऱ्या. कापूस गेला की आमचंही काम जायचं, पण गेलेल्या कामाचा फोटो निघत नाही. म्हणून आमच्याकडे कोणी येत नव्हतं.

मग हे सर आले. शहरातल्या कुठल्याशा मोठ्या संस्थेतले. चांगल्या घरचे, आजोबा-वडील कचेरीत साहेब होते असं त्यांनीच सांगितलं. त्यांनी समाजमंदिरात सतरंजी घालायला लावली, आम्हाला सतरंजीवर बसवलं आणि आपण खुर्चीवर बसले.

ते म्हणाले, झाडाच्या रंगात औषध असतं. बीट लाल, जांभूळ जांभळं. हा रंग पोटात गेला की पोटातले जंतू त्याला मोडतात. काही लोकांचे जंतू मोडतात, काहींचे मोडत नाहीत. तसं का होतं, ते त्यांना शोधायचं होतं.

आमची गोदाबाई गप्प बसणारी नव्हती. ती म्हणाली, "सर, आमच्या पोटात जंत हायेत हे सांगाले तुमी एवढ्या दुरून आले? सरकारी गोयी घेतो ना आमी."

"ते जंत. हे जंतू," सर म्हणाले. "जंत दिसतात. जंतू दिसत नाहीत."

"मंग तुमाले कसे दिसले?"

बाया हसल्या. सर हसले नाहीत. त्यांना फक्त स्वतःच्या बोलण्यावर हसू यायचं.

पुढे ते म्हणाले की जंतूंच्या अंगात उत्प्रेरक असतो. तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मी विचारलं, तो काय करतो? सरांनी माझ्याकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, "तो नसेल तर काम होत नाही. तो काम घडवून आणतो आणि काम संपल्यावर स्वतः होता तसाच राहतो. कापूस वेचणारी बाई समज."

ते मला सोपं करून सांगत होते. त्यात काही वाईट बोललो असं त्यांना वाटलंही नाही.

आम्हाला रोज कामावर जाण्याआधी बीटाची लाल पूड पाण्यातून घ्यायची होती. ठरलेल्या दिवशी भरलेली डबी समाजमंदिरात आणून द्यायची होती. डबीमागे एक साबणाची वडी मिळणार होती. साबण कशाला, असं मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे जरा स्वच्छता वाढेल."

मंजुरीच्या कागदावर मला सही करायची होती. मी पेन मागितला. सरांनी मान वर न करता शाईचं पॅड पुढे सरकवलं. "सगळ्यांचे अंगठे घेतोय. मध्येच एक सही आली की गोंधळ होतो." मी अंगठा दिला. शाई दिवसभर गेली नाही. दुसऱ्याच्या कापसाला लागू नये म्हणून मी तो हात लुगड्याला पुसत वेचत होते.

वरच्या गावातल्या बायाही त्यांनी घेतल्या होत्या. दोन्हीकडची पोटं ताडून पाहायची होती. तिथं मॅडम स्वतः घरी जात. चहा होई. डबी कापडी पिशवीत घालून मोटारीत ठेवली जाई. आमच्या डब्या आम्ही हातात धरून भर दिवसा मोठ्या रस्त्यानं नेत होतो. पानठेल्यावरचे लोक नाकाला रुमाल लावायचे आणि म्हणायचे, "निंगाला माल." मॅडमना मी पिशव्या मागितल्या होत्या. त्या म्हणाल्या, वरच्या गावापुरत्याच आल्या आहेत.

तरी आम्ही जात होतो, आणि साबणासाठी जात नव्हतो. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पोटात काय निघालं ते प्रत्येकीला सांगू. माझ्या शोभाचं पोट धाकट्या बाळंतपणापासून दुखत होतं. आरोग्य केंद्रात दर वेळी त्याच पांढऱ्या गोळ्या मिळत. मला वाटलं, निदान आता कोणी आत पाहील. म्हणून मी घरोघर फिरले, एकेकीला तयार केलं. लाजणाऱ्यांची लाज मी मोडली.

पूड सुरू झाली आणि सगळ्यांना लाल व्हायला लागलं. बाया घाबरल्या. मॅडमनी सांगितलं, हा बीटाचा रंग आहे, भिऊ नका. मग त्याची थट्टाच झाली. गोदाबाई सकाळी ओरडून विचारायची, "आज कोनाचं कुंकू सांडलं वं?"

मग सरांनी पूड थांबवायला सांगितली. काही दिवस कोणीही घ्यायची नाही, त्यानंतर पुन्हा डबी द्यायची. पूड थांबली आणि सगळ्यांचं पहिल्यासारखं झालं. शोभाचं झालं नाही.

ती चुलीपाशी बसून मला म्हणाली, "आत्याबाई, मी पूड घेऊन नाई राह्यली. तरी लालच हाय."

"सरले सांगू."

"तुमी सांगा. मले लाज येते."

मी सांगितलं. डबी देताना सगळ्यांसमोर सांगितलं, कारण वेगळं बोलायला सरांना वेळ नव्हता. "सर, हिनं पूड घेतली नाई. तरी लाल येऊन राह्यलं. पोट बी दुखते. जरा पाहा."

तेव्हा ते लाल्याचं बोलले. हसणं थांबल्यावर मॅडमना म्हणाले, "चोरून घेत असेल पूड. जास्त लाल आणलं तर जास्त साबण मिळेल असं वाटतं यांना." आणि डबी बाजूला ठेवून दिली. बाकीच्या डब्या खोक्यात गेल्या. शोभाची टेबलाच्या कोपऱ्यावर राहिली. मी ते पाहिलं. काय चाललं आहे ते कळलं नाही, पण पाहिलं.

त्या दिवसापासून शोभानं पोटाचं नाव काढलं नाही. मी दवाखान्याचं बोलले की म्हणायची, "तिथं बी डबीच मागतीन. मले नाई जायचं." गावात पोरं तिला पाहून "लाल्या आला" म्हणायला लागली. ती वेचायला यायची, कपाशीच्या ओळीत मध्येच बसायची, पुन्हा उठायची. माझा लेक हैदराबादकडे ट्रकवर होता. घरात बोलणारी मी एकटी, आणि ती ऐकत नव्हती.

शेवटच्या वेचणीला आम्ही वरच्या गावातल्या एका मालकिणीच्या शेतात होतो. शोभा त्या दिवशी आली नव्हती. मालकीणबाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर येऊन बसल्या. त्या खूप वाळल्या होत्या. मी विचारलं, बरं नव्हतं का?

त्या म्हणाल्या, "अवं, मी तं मरता मरता वाचली. मले लाल जाये. सरनं डबी पाह्यली अन् त्याच दिवशी आपल्या गाडीत घालून यवतमाळले नेलं. आतड्यात जखम निंघाली. लवकर सापडली म्हने. सर देवमानूस हाय."

"पुडीचा रंग नव्हता का तो?"

"पुडीचा कसा? पूड तं बंद होती तवा. सरच म्हने ना, पूड बंद असून लाल आलं म्हनजे रक्त हाय."

मी कमरेची कापसाची ओटी सोडली. कापूस तिथंच सरीत पडला. मालकीणबाई म्हणाल्या, "काहून वं, काय झालं?" शेत लाल होतं, मी त्यातून चालत घरी गेले.

शोभा बाजेवर पडली होती. ओठ पांढरे, नखं पांढरी. दवाखान्यात येतेस का, असं मी तिला विचारलंच नाही. गोदाबाईला हाक मारली, दोघींनी तिला उचलून काळीपिवळी जीपमध्ये घातलं, मोठ्या रस्त्यावरून एसटीनं यवतमाळला नेलं. तिथल्या डॉक्टरणीनं तिच्या डोळ्याची पापणी ओढून पाहिली आणि माझ्यावर ओरडली, "इतके दिवस काय करत होता?"

मी म्हटलं, "साबन घेत होतो."

तिला कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं.

शोभाला रक्त चढवलं. पोट कापलं, सडलेलं आतडं काढलं. ती जगली. ती जगली म्हणून कोणाला माफ करावं असं मला कधी वाटलं नाही. तिच्याकडून पुन्हा ओझं उचललं गेलं नाही. वेचणी सुटली.

आम्ही गावात परतलो त्यानंतर सर शेवटच्या डब्या न्यायला आले. सोबत बाहेरचे पाहुणे होते, कोटवाले. समाजमंदिरात नवी सतरंजी होती. रिकाम्या डब्या सकाळीच घरोघर वाटल्या होत्या. माझीही आली होती. मी ती धुवायलाही उघडली नाही, तशीच घेऊन गेले.

सरांनी मला पुढे बोलावलं. पाहुण्यांना म्हणाले, "ही बाई आमची उत्प्रेरक. हिच्याशिवाय या वस्तीतला एकही नमुना आला नसता." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एकानं माझा फोटो काढला.

आमच्याकडे वेड्यावाकड्या माणसाला नमुना म्हणतात. काय नमुना आहे, असं म्हणून हसतात. सर आम्हाला पहिल्या दिवसापासून नमुना म्हणत होते. त्यांच्या विज्ञानात त्याचा अर्थ वेगळा आहे असं मी तोवर धरून चालले होते.

मी विचारलं, "सर, मालकीणबाईचं लाल होतं तं गाडी आली. माह्या सुनेचं लाल होतं तं लाल्या. रंगात काय फरक होता?"

सरांनी पाहुण्यांकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, तो नमुना आम्ही वगळला होता. पूड बंद असताना लाल आलं तर आकडे बिघडतात."

"मंग मालकीणबाईचा ठेवला काय?"

"नाही. तोही वगळला."

"म्हनजे कळलं होतं तुमाले. तिले वगळलं अन् गाडीत बसवलं. हिले वगळलं अन् हसले."

"हे बघ, हे विज्ञान आहे. तुला नाही कळायचं. तुझ्या सुनेचं ऐकून वाईट वाटलं. तिला दोन साबण जास्त देऊ."

ते खरोखर असं म्हणाले. मी एक शब्द बदललेला नाही.

विज्ञानाशी माझं भांडण नाही. बीटाचा रंग कसा मोडतो ते शोधा, जंतू शोधा, पानं लाल का होतात ते शोधा. त्या डबीनं खरं तेच सांगितलं होतं. सरांनी ते वाचलंही होतं. दोन डब्यांत त्यांना एकच गोष्ट दिसली आणि त्यांनी दोन बायांशी दोन तऱ्हांनी वागायचं ठरवलं. हे जंतूंनी ठरवलेलं नाही.

मी माझी रिकामी डबी टेबलावर ठेवली. ज्या कोपऱ्यावर शोभाची ठेवली होती, तिथं. "आज नाई. यापुढं बी नाई."

आणि बायांकडे वळून म्हटलं, "उठा."

गोदाबाई पहिली उठली. "माही तं भरेल हाय," ती म्हणाली. "काई हरकत नाई, वापस नेतो." भरलेली डबी पदराखाली घेऊन ती दारातून बाहेर पडली. तिच्या मागे बाकीच्या उठल्या. दोघी साबणासाठी बसून राहिल्या. त्यांना मी काही बोलले नाही. सर मागून म्हणत होते, "अहो, थोडं ऐकून घ्या." त्यांनी आम्हाला अहो म्हटलं ते त्या एकाच दिवशी.

मी आता म्हातारी झाले आहे. शोभा घरातच असते, पोट धरून उठते, पोट धरून बसते. अधूनमधून नवीन लोक येतात. कोणी रक्त मागतं, कोणी केस, कोणी डबी. हल्लीचे गोड बोलतात, सतरंजीवर आमच्या शेजारी बसतात. बाया त्यांना आधी माझ्या दारात पाठवतात.

मी त्यांना घरात घेते आणि शोभासमोर बसवते. मग विचारते: आमच्या पोटात जे निघेल ते आम्हाला कधी सांगणार? कोण सांगणार? ज्या दिवशी तुम्हाला कळेल त्याच दिवशी का? वरच्या गावात गाडी गेली तर इथंही येणार का? हे मी त्यांच्याकडून लिहून घेते आणि त्यावर त्यांची सही घेते. मग सही करते, अंगठा देत नाही. बहुतेक जण पुन्हा येतो म्हणून जातात आणि येत नाहीत.

त्यांना आम्ही वगळलेलं असतं. मी जिवंत आहे तोवर या पुऱ्यातून कोणाला वगळायचं ते माझ्या दारात ठरेल. माझ्यानंतर गोदाबाईच्या नातीनं ते ठरवायचं, असं तिला सांगून ठेवलं आहे. तिला सही येते.