पोहणाऱ्या गायी, चालणाऱ्या गायी

चाड सरोवराच्या बेटांवर अबालीइतका हट्टी गुराखी मी दुसरा पाहिला नाही. आमच्याकडे चारा संपला की गुराखी छातीखाली हलक्या लाकडाचा ओंडका धरून पाण्यात उतरतो, आणि मडक्यासारखी जाड शिंगं वर काढून गुरं त्याच्या मागोमाग पुढच्या बेटावर जातात. वासराला पहिल्याच वर्षी आईशेजारी पाण्यात लोटायचं, पोरांनाही तसंच. अबालीनं ते सोडलं, कारण लोटायला पाणीच उरलं नव्हतं.

दुष्काळामागून दुष्काळ पडले. शारी नदी रोडावली आणि बेटांमधली जमीन उघडी पडली. आम्ही कोळ्यांनी जाळी गुंडाळून तिथं मका पेरला. गुरं चालत या बेटावरून त्या बेटावर जाऊ लागली. अबालीची मुलगी फान्ने त्याच वर्षांत वाढली. तिला पोहायला शिकव म्हटलं की तो म्हणायचा, बघू पुढं. त्याला एकट्याला कशाला नावं ठेवू? आम्ही सगळेच तसे सुस्तावलो होतो.

मग एका वर्षी दक्षिणेत पाऊस झाला आणि नदी दुथडी भरून आली. माझा मका गेला. अबालीच्या बेटाभोवती पाणी चढलं. उत्तरेच्या वाळूकडे जाणारी एक अरुंद पट्टी तेवढी राहिली, तीही संध्याकाळपर्यंत बुडणार होती. चारा समोरच्या बेटावर. अबाली ओंडका घेऊन उतरला. जुन्या गायी मुकाट्यानं मागे गेल्या. कालवडी मात्र काठावरच हंबरत राहिल्या. खुराला पाणी लागलं की मागे सरायच्या.

गायी पलीकडे पोचवून तो कालवडींसाठी परत पोहत आला. काठाला लागून वळून बघतो, तर जुन्या गायीही त्याच्यामागे परत. त्याला पाण्यात पाहिलं की मागे जायचं, एवढंच त्यांना ठाऊक. तो चिखलात मटकन बसला. मला त्याची फार कीव आली.

फान्नेनं काठी उचलली. "बाबा, तुम्ही तुमच्या गायी घेऊन जा. या चालणाऱ्या, यांना मी उत्तरेला नेते."

"वाळूत काय चारशील?"

"बघते काहीतरी. इथं राहून तर बुडतीलच."

मी म्हटलं, पोरी, माझ्या होडीत बस, पलीकडे सोडतो तुला.

"आणि यांना कोण बघणार, काका?"

अबाली उठून पुन्हा पाण्यात उतरला, या खेपेला फार सावकाश.

मी होडी घेऊन त्याच्या पाठोपाठ गेलो. पलीकडच्या काठावरून पट्टीवरची गुरं दिसत होती, त्यांच्यामागे फान्ने. मी म्हटलं, अजून वेळ आहे, होडीत बस. पोरीला गाठून नीट निरोप तरी दे.

अबालीनं शेजारच्या गाईच्या मानेवर हात ठेवला.

"नको," तो म्हणाला. "मी निघालो की या पुन्हा मागे येतील."